गरम बासुंदीच्या डब्यासाठी कोणते प्लॅस्टिक घ्यावे? काठ वाकतो, कोपरा चिरतो

प्रश्न: दुग्धगृहिणी, कराड तालुका

नमस्कार. आमचा घरगुती दुग्धप्रक्रियेचा छोटा व्यवसाय आहे. खवा आणि कंदी पेढे सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आले आहेत. गेल्या दोन वर्षांपासून मी अर्धा किलोच्या डब्यात बासुंदी भरून विकते. बासुंदीबद्दल कोणाची तक्रार नाही, तक्रारी सगळ्या डब्याच्या आहेत.

सुरुवातीला आम्ही पारदर्शक डबा घेतला, कारण वरची केशर-पिस्त्याची साय ग्राहकाला दिसावी अशी इच्छा होती. बासुंदी साधारण ८० ते ८२ अंशांना भरतो. पहिला डाव ओतला आणि मिनिटभरात डब्याच्या भिंती आक्रसून तो एका अंगाला कलंडला. त्या पुरवठादाराने ‘थंड करून भरा’ एवढेच सांगितले. थंड करून भरली की हाताळणी वाढते आणि टिकाऊपणा घटतो, हे येथील दुग्धव्यावसायिकांना सांगायला नको.

मग दुसऱ्याकडून पांढरा पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा, डबा घेतला. तो उष्णतेला टिकतो, परंतु वरचे फिल्म सील एका कोपऱ्यात सुटते. चाळीस डब्यांच्या क्रेटमध्ये तीन-चार डबे पाझरलेले निघतात. पुरवठादार म्हणाला, शीटची जाडी ०.८ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर करू या. केली. दर वाढला, डबा जड झाला आणि पाझर कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच. त्यातच मुंबईचा एक व्यापारी उणे १८ अंशांत गोठवलेला माल मागतो. त्या मालातले काही डबे खंबाटकी घाट ओलांडून पुढे जाईपर्यंत तळाच्या कोपऱ्यात चिरलेले असतात.

माझा प्रश्न असा, की यात प्लॅस्टिकच्या जातीचा दोष किती आणि डबा बनवण्याच्या पद्धतीचा किती? एक पुरवठादार मटेरियलला दोष देतो, दुसरा माझ्या सीलिंग मशीनला. मला यातले तांत्रिक काही कळत नाही, पण समजावून सांगितल्यास कळेल.

उत्तर १: जुना फॉर्मर, कुपवाड

ताई, कुपवाडच्या एमआयडीसीत थर्मोफॉर्मिंगच्या, म्हणजे प्लॅस्टिकची शीट तापवून साच्यात ओढून डबे काढण्याच्या, मशीनवर माझी बरीच वर्षे गेली, म्हणून लिहितो. आपल्या तीन तक्रारींना एक उत्तर शोधत बसलात तर ते सापडणार नाही, कारण पहिली तक्रार निव्वळ मटेरियलची आहे, दुसरी जवळजवळ पूर्ण डबा बनवणाऱ्या मशीनची आणि तिसरी दोघांची मिळून.

पहिली लवकर संपवतो. तो पारदर्शक डबा बहुधा साध्या पेटचा, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या जातीच्या प्लॅस्टिकचा, असणार. हे प्लॅस्टिक ७० ते ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते. ते मऊ पडले की शीटमधून ओढून केलेला डबा पुन्हा शीट व्हायला बघतो. जगातला कितीही चांगला फॉर्मर असला तरी साध्या पेटच्या डब्यात ८० अंशांची बासुंदी तो उभी ठेवू शकणार नाही. स्फटिकीकरण केलेले पेट ओव्हनमध्येसुद्धा चालते, पण ते दुधाळ, अपारदर्शक असते आणि त्याचे साचे व पद्धत वेगळी. आपल्या कामाला त्याची गरज नाही.

आता दुसरी. शीट ओव्हनमध्ये तापू लागली की आधी तिच्यावर लाटा उठतात, मग ती ढोलकीच्या पुडीसारखी ताठ होते आणि त्यानंतर तिचे पोट सुटते. हिप्ससारख्या (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) प्लॅस्टिकमध्ये या प्रवासात ऑपरेटरला भरपूर सवड मिळते. वीस-तीस अंश इकडेतिकडे झाले तरी डबा निघतो. पीपीचे तसे नाही. ते १६० ते १६५ अंशांना वितळते आणि बारीक भिंतीचे डबे त्याच्या जरा अलीकडे, म्हणजे फार तर दहा अंशांच्या अरुंद पट्ट्यात ओढावे लागतात. त्याच्या वर गेलात तर शीट लोंबते आणि साच्याला नको तिथे चिकटते. खाली राहिलात तर डबा दिसायला बरोबर निघतो, पण ओढल्याचा ताण तसाच आत गोठून राहतो. असा डबा गोदामात वर्षभर शहाण्यासारखा उभा राहील आणि गरम बासुंदी आत पडली की पूर्वीचे सगळे आठवून वेडावाकडा होईल. काठ वाकला की वरचे सील त्या कोपऱ्यात नीट बसत नाही.

जाडी वाढवल्यावर पाझर का वाढला, त्याचे कारणही यातच आहे. ओव्हन वरून आणि खालून शीट तापवते, मध्यापर्यंत उष्णता आतल्या आत झिरपत जाते. जाडी ०.८ वरून १ झाली की त्या झिरपण्याला लागणारा वेळ सव्वापटीवर थांबत नाही, तो दीडपटीच्या आसपास जातो, कारण हे गणित जाडीच्या वर्गाने चालते. आपल्या पुरवठादाराने जाडी वाढवली आणि मशीनची गती तीच ठेवली असावी, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर शीटचा गाभा पूर्वीपेक्षा थंड राहिला, शिवाय जाड काठ साच्यात पुरता न निवता बाहेर आला. आपण जास्त पैसे मोजून जास्त ताणलेला डबा घेतलात.

एक गोष्ट आपणच आजच्या आज करून पाहा. प्रत्येक डब्याच्या तळाशी एक लहान आकडा उमटलेला असतो. एका साच्यात अनेक खण असतात आणि तो आकडा खणाचा असतो. पाझरलेले डबे फेकू नका, धुऊन त्यांचे आकडे वहीत मांडा. सगळे आकडे विखुरलेले आले तर मी चूक आणि आपले सीलिंग मशीन तपासायला हवे. एक-दोनच आकडे पुन्हा पुन्हा आले तर मशीन पुरवठादाराचे तपासायचे.

उत्तर २: पॉलिमरचा मास्तर, मिरज

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. दोन ठिकाणी भर घालतो आणि एका ठिकाणी थोडा विरोध नोंदवतो.

भर अशी, की पीपी साच्यातून बाहेर आल्यावरही शांत होत नाही. त्यात स्फटिक तयार होण्याचे काम पुढचे एक-दोन दिवस चालू राहते आणि तितके दिवस डबा सूक्ष्मपणे आवळत राहतो. पीपीचे एकूण आवळणे साधारण एक ते अडीच टक्के असते, हिप्सचे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. काठ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, किंवा एका बाजूला लवकर निवलेला असेल तर दोन्ही बाजू सारख्या आवळत नाहीत आणि काठ पिळतो. मशीनपाशी सपाट दिसणारा काठ आपल्या गोदामात वाकडा का निघतो, त्याचे हे स्पष्टीकरण आहे. गरम डबे लगेच एकात एक घालून पोत्यात दाबले असतील तर वाकडेपणा तिथेच पक्का होतो.

आता तिसरी तक्रार. साधे पीपी, ज्याला होमोपॉलिमर म्हणतात, शून्य अंशाच्या आसपास आले की काचेसारखे ठिसूळ होऊ लागते. खोलीत हातातून पडला तरी दबून सरळ होणारा डबा उणे १८ अंशांत बशीसारखा फुटतो. गोठवण्याच्या मालासाठी इम्पॅक्ट कोपॉलिमर जातीचे पीपी लागते, ज्यात रबरासारखा भाग मिसळलेला असतो. ते किंचित मऊ आणि किंचित महाग असते. येथे ‘पीपी’ हे दोन अक्षरी नाव पुरेसे नाही; ‘दूध द्या’ म्हटल्यावर गाईचे की म्हशीचे ते आपण विचारता, तसेच हे.

यात आणखी एक खोड असते. डबा ताठ लागावा आणि शीट कमी लोंबावी म्हणून काही जण पीपीमध्ये टाल्क (शंखजिरे) किंवा कॅल्शियम कार्बोनेट अशा खनिजांची भुकटी भरतात. ही लबाडीच असते असे मी म्हणणार नाही, कारण त्याने आवळणेही कमी होते आणि काठ सपाट राहायला मदत होते. परंतु थंडीत असा डबा अधिक ठिसूळ होतो. घरच्या घरी तपासायचे तर डब्याचा एक तुकडा कापून बादलीभर पाण्यात बुडवा आणि त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा. पीपीची घनता ०.९ च्या आसपास असल्याने तुकडा वर यायलाच हवा. पांढऱ्या रंगाने फारसा फरक पडत नाही. तळाशी बसला तर त्यात खनिज बऱ्यापैकी भरलेले आहे, किंवा तो पीपीच नाही. हिप्सचा तुकडा साध्या पाण्यात बुडतो पण मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो, आणि पेटचा दोन्हीकडे बुडतो.

माझा विरोध आहे तो जुन्या फॉर्मरसाहेबांनी गाळलेल्या विषयाबद्दल. डबे कापून झाल्यावर शीटची जी जाळी उरते, ती बऱ्याचदा शीटच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असते. ती दळून पुन्हा दाण्यांत मिसळली जाते. त्याच कारखान्याची, स्वच्छ आणि ठरावीक प्रमाणातली जाळी असेल तर ते रास्तच आहे, त्यावाचून या धंद्याचे गणित बसत नाही. पण प्रमाण दर पाळीला बदलत असेल तर वितळलेल्या मालाचा पातळपणा बदलतो, शीट दर पाळीला वेगळी लोंबते आणि ऑपरेटरने काल लावलेले तापमान आज चुकीचे ठरते. दोष दिसतो फॉर्मिंगमध्ये, जन्मतो एक्स्ट्रूडरपाशी, म्हणजे दाणे वितळवून शीट काढणाऱ्या यंत्रापाशी. ऑपरेटर मंडळी हे सहसा बोलत नाहीत, कारण एक्स्ट्रूडर शेजारच्या शेडमध्ये असतो!

उत्तर ३: स्ट्रॉबेरीचा पॅकर, वाई

बासुंदीतले मला कळत नाही, पण पेटला फार वाईट ठरवू नका. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आम्ही पेटच्या छिद्रांच्या डब्यांतच भरतो. फळ थंड, प्रवास थंड, आणि ग्राहकाला खालच्या थरातले फळसुद्धा दिसायला हवे. या कामाला पीपीचा धुरकटपणा चालत नाही. ताईंनी कंदी पेढे पेटमध्ये भरले तर काहीच बिघडणार नाही, कारण ते गार करूनच भरतात. हिप्सचे खणवाले ट्रे मात्र टाळावेत. तुपाचा अंश आणि खणाच्या कडेचा ताण एकत्र आले की त्यावर बारीक चिरा पडतात, हे मी मिठाईवाल्या मित्राकडे पाहिले आहे.

पेटचा डबा घेताना आम्ही काठ बोटांनी पूर्ण मागे दुमडून पाहतो. चांगला असेल तर पांढरी रेघ येते आणि दुमड टिकते. ‘कट’ असा आवाज येऊन तुकडा पडला तर तो गठ्ठा परत जातो.

उत्तर २ पुढे: पॉलिमरचा मास्तर, मिरज

वाईकरांची दुमडण्याची परीक्षा अगदी योग्य आहे, आणि तिच्यामागचे कारण सांगण्यासारखे आहे. पेटचे दाणे हवेतला ओलावा शोषतात. ते सुकवल्याशिवाय वितळवले तर तो ओलावा पेटच्या लांब साखळ्या तोडतो. त्यासाठी ते १६० अंशांच्या आसपास चार-सहा तास सुकवून ओलावा दशलक्षात पन्नास भागांच्या खाली आणावा लागतो. वीज वाचवण्यासाठी ही वेळ कापली की शीट पारदर्शकच दिसते, फक्त कटकन मोडते. पावसाळ्यात तुमचे परत जाणारे गठ्ठे वाढत असतील, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्नकर्ती पुन्हा: दुग्धगृहिणी, कराड तालुका

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे केले ते सविस्तर लिहिते.

पाझरलेले एकतीस डबे जमवले, धुतले आणि उलटे करून मांडले. त्यांपैकी चोवीस डब्यांवर १ आणि ४ हे आकडे निघाले. साचा आठ खणांचा आहे. सासरे हा सगळा प्रकार ओसरीवर बसून पाहत होते, ते म्हणाले, “म्हणजे घरातली दोनच पोरं व्रात्य आहेत.”

त्यानंतर गावातल्या लेथवाल्याकडून मायक्रोमीटर आणला. डबा उभा कापून मोजला, तर भिंतीच्या मध्यावर ०.३० मिलिमीटर आणि तळाच्या कोपऱ्यात ०.१२ भरले. हा जुना, ०.८ च्या शीटचा डबा. १ मिलिमीटरच्या शीटच्या डब्यात भिंत ०.३९ झाली आहे, पण कोपरा ०.१३ वरच अडकला आहे! वाढवलेले प्लॅस्टिक भिंतीत आणि काठात गेले, हवे होते तिथे पोहोचलेच नाही. असा डबा खिडकीपाशी धरला तर मायक्रोमीटरही लागत नाही. पांढऱ्या डब्याच्या चारही कोपऱ्यांतून उजेड पिवळसर होऊन आत येतो.

पाण्याची परीक्षाही केली. जुन्या डब्याचा तुकडा तरंगला, नवीन जाड डब्याचा बुडाला.

आता पुरवठादाराशी काय बोलावे, ते कृपया सांगावे. तो माणूस वाईट नाही, पण मी ‘कोपरा’ म्हटले की तो ‘ग्रॅम’ म्हणतो.

उत्तर १ पुढे: जुना फॉर्मर, कुपवाड

ताई, आपण मोजमाप करून काम सोपे केलेत. साच्याचा नकाशा माझ्यासमोर नाही, पण आठ खण दोन रांगांत चार-चार असे असतील तर १ आणि ४ हे एकाच रांगेच्या दोन टोकांचे खण झाले. शीट दोन्ही बाजूंनी साखळीच्या दातांत धरलेली असते, तिच्या कडा मध्यापेक्षा थंड राहतात. म्हणून ओव्हनच्या कडेचे हीटर जरा चढे ठेवावे लागतात. ५ आणि ८ बरे आहेत, अर्थात फक्त त्या एका रांगेपाशी काही बिनसले आहे: एखादा हीटर मंद झाला असेल, किंवा साच्याच्या त्या बाजूला थंड पाण्याची वाट क्षाराने अरुंद झाली असेल. बोअरच्या पाण्यावर साचे थंड करणाऱ्यांकडे हे हमखास घडते. दोन्ही गोष्टी एका सुट्टीच्या दिवशी तपासता येतात.

कोपऱ्याचे पाहू. आपला डबा तोंडाशी अंदाजे १२० बाय ९५ मिलिमीटर आणि ५५ खोल धरला, तर तोंडाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे तिप्पट पृष्ठभाग त्याच शीटमधून ओढावा लागतो. याचा अर्थ ०.८ च्या शीटची सरासरी जाडी ०.२६ च्या आसपास यायला हवी. भिंत ०.३० आणि कोपरा ०.१२, याचा अर्थ शीट भिंतीला आधी टेकून तिथेच गोठली आणि उरलेसुरले ताणून कोपरे भरले. व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून शीट साच्याला टेकवण्याच्या, आधी शीटला खाली घेऊन जाणारा जो प्लग असतो, त्याचे काम नेमके हे टाळण्याचे असते. प्लग पुरेसा खोल जात नसेल, वेळेआधी हवा ओढली जात असेल, किंवा प्लग धातूचा असून शीटला स्पर्शानेच गार करत असेल, तर कोपरे असेच उपाशी राहतात. प्लगची खोली दोन-चार मिलिमीटर वाढवून आणि व्हॅक्यूम क्षणभर उशिरा सोडून मी याहून अवघड डबे सुधारलेले आहेत. त्याला नवा साचा लागत नाही. साच्याच्या तळाचा कोपरा अगदी काटकोनी असेल तर तो गोलसर करून घ्या, आठवड्याचे काम आहे.

ग्रॅमचे असे, की पुरवठादार दाणे किलोवर घेतो, म्हणून त्याच्या डोक्यात वजनच असते. आपण मागणीपत्रात वजन लिहूच नका. लिहा: तळाच्या कोपऱ्यात कुठेही ०.१८ पेक्षा कमी जाडी नको. ८५ अंशांचे पाणी भरून पाच मिनिटे ठेवल्यावर काठ काचेवर पालथा घातला असता खालून पोस्टकार्ड सरकता कामा नये. ही तपासणी डबा बनल्यानंतर ४८ तासांनी करायची. आणि ती आठही खणांच्या डब्यांवर करायची. ०.८ च्या शीटमध्ये हे सगळे बसते. १ मिलिमीटर सोडून द्या.

उत्तर २ पुढे: पॉलिमरचा मास्तर, मिरज

०.१८ हा आकडा मुंबईच्या गोठवलेल्या मालासाठी इम्पॅक्ट कोपॉलिमर असेल तरच पुरेल, नाहीतर तो ०.२५ केला तरी डबे चिरतील. दोन्ही बाजारांसाठी एकच डबा ठेवायचा असेल तर कोपॉलिमरच घ्या. किंचित मऊपणा बासुंदीच्या डब्याला बाधत नाही. बुडालेल्या तुकड्याविषयी पुरवठादाराला सरळ विचारा. जाड शीट लोंबते म्हणून त्याने खनिज घातले असावे. पातळ शीटवर परत आल्यावर त्याची गरजच उरत नाही.

आणखी दोन बाबी आहेत. बासुंदी गरम असताना सील केली की आतली हवा आणि वाफ निवताना आकसते आणि फिल्मला खाली खेचते. म्हणजे वाकड्या कोपऱ्यावर आतूनही ओढ असते. काठावर सायीचा थेंब किंवा वाफेचे पाणी असेल तर चांगला काठही तिथे सुटतो. एकतीसमधले उरलेले सात डबे बहुधा यातले आहेत, तेव्हा भरण्याच्या नळीखाली थेंब पडू न देणारी सोय करून घ्या.

दुसरी बाब कागदपत्रांची. अन्न पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डब्यातून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे आणि तिची चाचणी आयएस (भारतीय मानक) ९८४५ नुसार होते. पीपीच्या दाण्यांसाठी आयएस १०९१० हे मानक आहे. पुरवठादाराकडे चाचणीचा अहवाल असेलच, पण तो कोणत्या अन्नासाठी आणि कोणत्या तापमानाला काढला आहे ते वाचा. तुमचा पदार्थ स्निग्ध आहे आणि गरम भरला जातो. साध्या पाण्यासारख्या द्रवावर खोलीच्या तापमानाला काढलेला अहवाल तुमच्या कामाचा नाही.

प्रश्नकर्ती पुन्हा: दुग्धगृहिणी, कराड तालुका

पुरवठादाराशी बोलणे झाले. खनिज घातल्याचे त्याने लगेच मान्य केले, साच्याच्या पाण्याच्या वाटेबद्दल विचारल्यावर मात्र तो काही क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, “तुम्हाला हे कोणी सांगितले?” येत्या सोमवारी त्यांच्या मशीनला सुट्टी असते, त्या दिवशी तो साचा उघडणार आहे. मंगळवारी कोपॉलिमरच्या शीटवर पहिले दोनशे डबे काढायचे ठरले आहे. गुरुवारी, म्हणजे ४८ तास उलटल्यावर, मी पाणी तापवायची शेगडी, काचेचा तुकडा आणि मायक्रोमीटर घेऊन स्वतः तिथे जाणार आहे. लेथवाल्याने मायक्रोमीटरच्या भाड्यापोटी अर्धा किलो बासुंदी मागितली आहे, ती मात्र स्टीलच्या डब्यातून देईन.